नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू: खेड्यातल्या घराला आयपी कॅमेरे कसे बसवायचे

दिवाळीच्या आगंमागं कापूस घरात यायला लागला, सोयाबीनचे कट्टे ओसरीत लागले, की आमच्याकडे कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. कोणाच्या गोठ्यातली बकरी गेली, कोणाच्या विहिरीवरची केबल कापून नेली, मग कोणीतरी तालुक्यावरून तो गोल फिरणारा वायफाय कॅमेरा आणते, मोबाईलवर सगळ्यांना दाखवते, आणि लाईन गेली की राऊटर बंद, राऊटर बंद की कॅमेराही नुसता भिंतीवरचा शोपीस. मग काकाजी लोकं विचारतात, "काहून बा, नेट गेलं का कॅमेरा बी गेला म्हना?"

तसा बसवला असन तर हो, गेला. पण नीट बसवला तर नाही जात, आणि हा सगळा लेख त्या "नीट"बद्दल आहे. माझं मत अगदी सरळ आहे: खेड्यात कॅमेरे बसवताना आधी असं जाळं उभं करायचं जे इंटरनेटशिवाय, घरातल्या घरात, स्वतःच्या भरवशावर रेकॉर्डिंग करत राहील. मोबाईलवर दिसणं ही नंतरची गोष्ट. लोकं उलटं करतात, आधी मोबाईलवर दिसलं पाहिजे म्हणतात, रेकॉर्डिंग कुठं होतं हे कोणी विचारतच नाही.

आता आयपी कॅमेरा म्हणजे आहे तरी काय. जुन्या कॅमेऱ्यातून जाड काळ्या वायरीतून नुसता चित्राचा सिग्नल यायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग करायचं डोकं डीव्हीआर नावाच्या डब्यात असायचं. आयपी कॅमेऱ्यात ते डोकं कॅमेऱ्यातच असतं, तो एक छोटा कॉम्प्युटरच आहे, तो चित्र घेतो, दाबून लहान करतो आणि कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलीतून पाठवतो. असा पहिला कॅमेरा स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९६ मध्ये विकायला काढला, म्हणजे गोष्ट काही कालची नाही. पाठवलेलं चित्र ज्या डब्यात साठतं तो एनव्हीआर, त्यात हार्डडिस्क असते. कॅमेरा ते एनव्हीआर हा रस्ता पूर्ण तुमच्या घरातला आहे, त्यात कोणत्या कंपनीचं नेट लागत नाही, सिम लागत नाही, काही नाही. नेट लागतं ते फक्त तुम्ही नागपूर-पुण्याला बसून घर पाहायचं म्हणाल तेव्हा.

आणि एक खरं सांगून टाकतो, एकाच छपराखाली चार कॅमेरे लावायचे आहेत, गोठा घराला लागूनच आहे, तर जुन्या पद्धतीचा डीव्हीआर सेटही चालतो आणि स्वस्त पडतो. आयपीचा फायदा कळतो तो अंतर वाढलं की, गोठा वेगळा, खळ्याची जागा वेगळी, पुढं कॅमेरे वाढवायचे आहेत, किंवा चेहरा-गाडी ओळखणारी हुशारी पाहिजे तेव्हा.

वायरीपासून सुरू करू, कारण गावाकडं निम्मी कटकट वायरीचीच असते. आयपी कॅमेऱ्याला पीओई नावाची सोय असते, म्हणजे ज्या केबलीतून चित्र येतं त्याच केबलीतून करंटही जातो. कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग, वेगळा अडाप्टर, पावसात भिजणारं बोर्ड, काहीच नको. याचं २००३ चं मूळ स्टँडर्ड आहे ८०२.३एएफ, त्यात स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडायच्या डब्याच्या (लाईटचं बटन नव्हे), एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि वायरीतली घट धरून कॅमेऱ्याला सुमारे १३ वॅट पोचतात. साध्या कॅमेऱ्याला रात्री एलईडी लागल्यावरही पाच-सात वॅट लागतात, त्यामुळं एवढं पुष्कळ झालं. फिरणारा मोठा झूमवाला कॅमेरा असेल तर मात्र ३० वॅटवाला ८०२.३एटी स्विच घ्या. करंट घरातल्या एकाच ठिकाणाहून जातो ही यातली खरी गंमत, कारण तेवढ्या एका ठिकाणाला बॅटरी दिली की सगळे कॅमेरे बॅटरीवर.

केबल कॅट५ई किंवा कॅट६, आणि पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल लय विकते, वरून दिसायला तशीच, भावात बरीच कमी. तिच्यात करंट अडतो, लांब अंतरावर कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री एलईडी लागले की बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या देतो. ब्लेडने तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर परत करा. एका तुकड्याची हद्द १०० मीटर. बऱ्याच स्वस्त पीओई स्विचवर एक्सटेंड नावाचं बटन असतं, ते दाबलं की वेग १० एमबीपीएसवर (हे नेटवर्कचा वेग मोजायचं माप) येतो आणि अंतर २५० मीटरपर्यंत सांगतात. वेग कमी झाला म्हणून घाबरू नका, एका कॅमेऱ्याला दोन-चार एमबीपीएसच लागतात. पण २५० हा आकडा चांगल्या तांब्याच्या केबलीवरचा आहे, ते लक्षात असू द्या. केबल उघडी टाकू नका, पाईपातून न्या, आमच्याकडे उंदीर आणि खार दोन्ही कुरतडतात, आणि वैशाखातल्या उन्हात साधी घरातली केबल एकदोन वर्षांत तडकते.

घर ते गोठा असं अंतर असेल, मध्ये उघडी जागा असेल, तर मी सरळ फायबर टाका म्हणीन. लोकं दचकतात, पण गावात घरोघरी नेट येतं ती बारीक काळी वायर फायबरच आहे, काही आभाळातली वस्तू नाही. दोन टोकांना दोन छोटे मीडिया कन्व्हर्टर लागतात, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल यांची गाठ घालणारे डबे, गोठ्याच्या बाजूला एक छोटा पीओई स्विच, आणि झालं, अंतर किलोमीटरमध्ये गेलं तरी चालतं. मुख्य कारण अंतर नाही, वीज आहे, आभाळातली. आपल्याकडे मृगाच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात कशा विजा पडतात सगळ्यांना माहीत आहे. वीज थेट अंगावर पडायची गरज नसते, आसपास कुठं पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका तयार होतो आणि तो केबलीतून घरात येऊन स्विच, एनव्हीआर, कधी टीव्ही सगळं एका रांगेत झोपवतो. फायबर काचेचं, त्यातून करंट येतच नाही, गोठ्याकडचं गेलं तर गोठ्याकडचं जाईल, घरातलं वाचतं. तांबंच टाकायचं असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरी अर्थिंग द्या, अर्थिंगशिवाय तो डबा नुसता शोभेचा.

वावराला झटका मशीन असेल, रोही-डुकरांसाठी बऱ्याच जणांनी लावलीच आहे, तर कॅमेऱ्याची केबल त्या तारेच्या सोबतीनं नेऊ नका. झटक्याच्या तारेत थोड्या थोड्या वेळानं हजारो व्होल्टचा ठोका जात असतो, शेजारून समांतर गेलेल्या नेटवर्क केबलीत तो डोकं खातो. पार करायचीच असेल तर काटकोनात पार करा.

वायफाय कॅमेरा नकोच का मग? एखादा असू द्या, ओसरीत, राऊटरच्या नजरेसमोर. पण जुन्या घरांच्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती आणि टिनाचं छप्पर, यातून वायफाय मरतं. टिन तर सरळ अडवतंच. चार कॅमेरे एका स्वस्त राऊटरवर घातले की पोट्ट्यांचे मोबाईल आणि कॅमेरे एकाच हवेसाठी भांडतात आणि कोणालाच धड मिळत नाही.

आता पत्त्यांचा विषय, इथं लोकं गोंधळतात म्हणून जरा सावकाश. जाळ्यातल्या प्रत्येक वस्तूला एक आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ राऊटर १९२.१६८.१.१, एनव्हीआर १९२.१६८.१.१०, कॅमेरे ११ पासून पुढं. पहिले तीन आकडे सारखे असतील तरच ते एकमेकांशी सरळ बोलतात, शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा पाहिजे. राऊटर हे पत्ते आपोआप वाटतो, पण आज एक उद्या दुसरा असं होऊ नये म्हणून एनव्हीआर आणि कॅमेऱ्यांना पक्का पत्ता द्यायचा. नवीन कॅमेरा डब्यातून काढला की त्याला कंपनीनं दिलेला एक पत्ता असतो, हायकव्हिजनला १९२.१६८.१.६४ आणि दाहुआला १९२.१६८.१.१०८. एकाच कंपनीचे चार कॅमेरे एकदम जोडले तर चौघंही तोच पत्ता सांगू शकतात आणि एकही नीट दिसत नाही, म्हणून एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा.

इथं एक नेहमीची भानगड. बीएसएनएल फायबरवर सगळं १९२.१६८.१ मध्ये बसलेलं असतं, मग कोणीतरी जिओ घेते, त्याचा राऊटर १९२.१६८.२९.१ वर बसतो, आणि सकाळी सगळे कॅमेरे "गायब". कॅमेरे कुठं गेले नाहीत, ते जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसलेत. यातून सुटायचा सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूला स्वतःचे पीओई पोर्ट असलेला एनव्हीआर घेणे. त्यात कॅमेरे सरळ एनव्हीआरच्या पाठीत खुपसायचे, तो त्यांच्यासाठी आपलं वेगळं छोटं जाळं करतो, पत्तेही तोच वाटतो. घरचं नेट बदला, राऊटर फेकून द्या, कॅमेऱ्यांना खबरही लागत नाही. शिवाय कॅमेरे थेट इंटरनेटला लागलेलेच नाहीत, हा दुसरा फायदा, त्यावर पुढं बोलू. चार-आठ कॅमेऱ्यांच्या घरासाठी मला हीच रचना सगळ्यात पटते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे चालतील का? चालतात, ऑनव्हिफ लिहिलेलं पाहा. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या तिघांनी २००८ मध्ये ही समाईक बोली ठरवली. चित्र येईल, रेकॉर्डिंग होईल, पण माणूस-गाडी ओळखणं वगैरे कंपनीची खास हुशारी बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरवर पूर्ण चालत नाही. जमलं तर एकच कंपनी ठेवा.

लेन्स. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, लेन्सचं कोणी विचारत नाही, आणि चोरी झाल्यावर फुटेजमध्ये "माणूस आहे" एवढंच दिसतं, कोण आहे ते नाही. हिशोब करून दाखवतो. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल पाहिजेत, असं युरोपातलं सीसीटीव्हीचं स्टँडर्ड सांगते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० भागिले २५०, म्हणजे पावणेआठ मीटर रुंदीचा पट्टा, त्याहून रुंद जागा चित्रात आली की चेहरा गेला. आता २.८ एमएमची लेन्स, जी सगळीकडे लावून देतात, ती शंभर अंशांच्या वर पसरून पाहते, त्यामुळं तिच्यात पावणेआठ मीटर रुंदी जेमतेम ३ मीटर अंतरावरच भरते. म्हणजे दहा फुटांपुढचा माणूस तुम्ही ओळखीचा असेल तर चालीवरून ओळखाल, पण पोलिसांना दाखवायला तो चेहरा नाही. हाच २ मेगापिक्सेल कॅमेरा ६ एमएम लेन्सचा घेतला तर साधारण ८ मीटरपर्यंत चेहरा मिळतो, पण कडेचं आंगण दिसत नाही.

म्हणून सगळे कॅमेरे एकसारखे घेऊ नका. आंगणावर एक पसरट, काय हालचाल झाली ते पाहायला, आणि फाटकावर, जिथून आत यायचा एकच रस्ता आहे तिथं एक अरुंद ४ किंवा ६ एमएमचा, फक्त चेहऱ्यासाठी. उंची आठ-नऊ फूट. लोकं छपराच्या टोकावर पंधरा फुटांवर लावतात कोणी तोडू नये म्हणून, मग त्यात सगळ्यांच्या टोप्या आणि दुपट्टेच दिसतात.

रात्रीचं वेगळंच. कॅमेऱ्यातले एलईडी ८५० नॅनोमीटरचा उजेड टाकतात, आपल्याला फक्त लालसर ठिपका दिसतो पण कॅमेऱ्याला दिवसासारखं दिसतं. हा उजेड जवळच्या भिंतीवर किंवा छपराच्या टिनावर पडला तर तो उलटा येऊन चित्र पांढरंफटक करतो, बाकीचं काळं. कॅमेरा भिंतीच्या कोपऱ्यात खुपसून लावला की हमखास. दुसरं म्हणजे किडे. पावसाळ्यात संध्याकाळी त्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, कोळी काचेसमोर जाळं करतो, आणि रात्रभर कॅमेरा त्या हलणाऱ्या जाळ्याला चोर समजून मोबाईल वाजवत बसतो. आठवड्यातून एकदा झाडूनं जाळं काढणं याला पर्याय नाही. जवळ दुसरा बल्ब लावून किडे तिकडे खेचता येतात, थोडा फरक पडतो.

आणि हो, कॅमेरा शेजाऱ्याच्या न्हाणीकडे, हापशीकडे, बाया बसतात त्या ओट्याकडे वळवू नका. एनव्हीआरमध्ये चित्राचा काही भाग काळा करून ठेवायची सोय असते, ती वापरा, आणि शेजाऱ्याला बोलावून स्क्रीन दाखवा. धुऱ्यावरून होणारी भांडणं आधीच कमी नाहीत.

आता डिस्क किती घ्यायची. सोपा आकडा पाठ करा: १ एमबीपीएस चोवीस तास म्हणजे १०.८ जीबी. २ मेगापिक्सेल कॅमेरा चित्र दाबून लहान करायच्या एच.२६५ पद्धतीनं साधारण २ एमबीपीएसमध्ये बरं चित्र देतो, जुन्या एच.२६४ मध्ये त्याच चित्राला ४ च्या आसपास लागतात. चार कॅमेरे गुणिले २ म्हणजे ८ एमबीपीएस, गुणिले १०.८, म्हणजे दिवसाला ८६.४ जीबी. १ टीबीच्या डिस्कमध्ये अकरा दिवस बसतात, २ टीबीत बावीस-तेवीस. त्यानंतर जुनं आपोआप पुसून नवीन येतं. खेड्यात चोरी झाली हे कधी कधी उशिरा कळते, वावरातल्या कोठ्याचं कुलूप पंधरा दिवसांनी उघडलं तेव्हा कळते आतलं काय गेलं, म्हणून मी २ टीबीच्या खाली जाऊ नका म्हणतो. डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेली घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, ती रात्रंदिवस लिहिण्यासाठीच असते, जुन्या कॉम्प्युटरची काढून लावली तर कधी दगा देईल सांगता येत नाही. फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं ठेवलं तर जागा वाचते, पण निंबाची फांदी हलली, कुत्रं गेलं, वटवाघूळ उडालं तरी ते चालू होतं, आणि खरा माणूस दूरून हळू आला तर कधी चुकतंही. डिस्क एवढी महाग नाही, चोवीस तास चालू ठेवा, आणि माणूस ओळखायची सोय फक्त मोबाईलवरच्या सूचनेसाठी वापरा.

एनव्हीआर कुठं ठेवता तेही पाहा. दर्शनी भागात टीव्हीखाली ठेवला तर चोर तोच घेऊन जाते, मग कॅमेरे कितीही असोत. आणि टिनाखालच्या माळ्यावर लपवला तर मे महिन्यात बाहेरच ४५-४६ अंश असताना तिथं काय होत असन विचार करा, डिस्क भाजून निघते. आतल्या खोलीत, कुलपाच्या कपाटात, पण हवा खेळती पाहिजे.

लाईनीचं गणित. चार कॅमेरे वीसेक वॅट, एनव्हीआर डिस्कसकट बारा-पंधरा, राऊटर आणि फायबरचा डबा मिळून दहा, सगळे मिळून ४५ ते ५० वॅट, एका छोट्या पंख्याएवढं. घरी १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर तिच्यात कागदावर १८०० वॅट-अवर असतात, घट आणि बॅटरीचं वय धरून निम्मे मोजा, तरी नुसते कॅमेरे अठरा-वीस तास काढतात. पंखे-बल्ब त्यावरच असतील तर अर्थातच कमी. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस पुरेल म्हणून कोणी सांगेल, त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ८४ वॅट-अवर, म्हणजे धड तासभर. आमच्याकडे डीपी जळाली तर दुसरी यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटन असतं. नॉर्मलवर लाईन जाता-येता क्षणभर खंड पडतो, त्यात एनव्हीआर बंद होऊन परत सुरू होतो आणि तेवढे दोन-तीन मिनिटं रेकॉर्डिंग जातं, शिवाय डिस्कचं आयुष्य कमी होतं. यूपीएसवर टाकलं की खंड जाणवत नाही. पण त्यात मेख अशी की यूपीएस मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली लाईन घेतच नाहीत, आणि रब्बीत सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की गावात होल्टेज दीडशेवर येते, मग लाईन असूनही इन्व्हर्टर बॅटरी खात बसतो. होल्टेज कमी राहणाऱ्या गावात इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा आणि एनव्हीआर-स्विचपुरता तो छोटा यूपीएस मध्ये टाका, तो फक्त क्षणभराचा खंड भरून काढायला.

एवढं झालं की घरातलं जाळं पूर्ण झालं. आता मोबाईल.

दुरून घर पाहायचं तर तुमच्या घरातून चित्र बाहेर जायला पाहिजे, म्हणजे अपलोडचा वेग लागतो, डाऊनलोडचा नाही. कॅमेरा दोन चित्रं बनवतो, एक मोठं रेकॉर्डिंगसाठी आणि एक लहान मोबाईलसाठी, लहान अर्ध्या एमबीपीएसमध्येही भागतं, म्हणून चारही एकदम पाहायला २ एमबीपीएस अपलोड पुरते. पूर्वी लोकं राऊटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून थेट घरात यायचे. आता ते बहुतेकांना जमतच नाही, कारण मोबाईल नेटवर आणि बऱ्याच फायबर कनेक्शनवर तुमचा स्वतःचा बाहेरचा पत्ता नसतोच, कंपनी शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देते, त्याला सीजीनॅट म्हणतात. पूर्वी गावात एकच एसटीडी पीसीओ असायचा तसं आहे हे, तुम्ही तिथून कुठंही फोन लावा, पण बाहेरच्याला थेट तुमच्या घरात फोन लावता यायचा नाही. म्हणून आजचे एनव्हीआर उलटं करतात, आतून कंपनीच्या सर्व्हरला स्वतः फोन लावून धरून ठेवतात, तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरला लागतो आणि तो दोघांची गाठ घालून देतो. एनव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करता ना, तो याच्यासाठीच. पोर्ट उघडायची भानगड करू नका, कोणी यूट्यूबवर सांगितलं तरी.

का नको, तर २०१६ ची गोष्ट ऐका. मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले इंटरनेटला उघडे पडलेले कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर शोधले आणि कंपनीचेच ठरलेले साठेक नाव-पासवर्ड लावून पाहिले. लाखो डबे उघडले. मग त्या वर्षी २१ ऑक्टोबरला यातल्या बऱ्याच डब्यांना एकदम एका अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर सोडलं, तर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट तिकडे काही तास बंद पडल्या. मालकांना पत्ताच नाही, त्यांचा कॅमेरा चित्र दाखवत होता तसाच दाखवत होता. आपल्याकडेही केंद्र सरकारनं एप्रिल २०२५ पासून विकायला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत, म्हणून घेताना ते सर्टिफिकेट आहे का विचारा, जुना पडून असलेला माल कोणी स्वस्तात देत असेल तर त्यामागं हेही कारण असू शकतं.

पण मला विचाराल तर गावात हॅकरपेक्षा मोठा प्रश्न फिटिंगवाल्याचा आहे. तो पोरगा येतो, त्याला घाई असते, तुमचा ईमेल विचारत बसण्यापेक्षा तो एनव्हीआर स्वतःच्याच मोबाईलमधल्या खात्याला जोडतो आणि तुम्हाला तिथून शेअर करतो. तुम्हाला दिसते म्हणून तुम्ही खूश. पण मालक तो आहे. त्याच्या मोबाईलवर तालुक्यातली पन्नास आंगणं दिसत असतात, मनानं तो चांगला असेल हो, पण त्याचा मोबाईल हरवला तर? आणि पुढं त्याचं तुमचं बिनसलं, तर तुम्हाला स्वतःच्याच घराचा एनव्हीआर स्वतःच्या नावावर करायला कंपनीला बिलं पाठवत बसावं लागतं. म्हणून पहिलं खातं तुमच्या नंबरवर, तुमच्या हातानं. पासवर्ड तुम्ही टाका, गाडीचा नंबर किंवा पोराचं नाव-जन्मसाल नको, आणि तो कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा. घरच्यांना द्यायचं तर पासवर्ड देऊ नका, तुमच्या खात्यातून फक्त पाहण्यापुरतं शेअर करा.

वावरातल्या कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो कारण तिथं पर्यायच कमी आहेत. तिथं केबल नाही, नेट नाही, मग सिमवाला सोलर कॅमेरा. तोही नीट समजून घ्या, २ एमबीपीएसनं सतत पाहत बसलात तर दीड जीबीचा रोजचा पॅक शंभर मिनिटांत संपतो. म्हणून रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डावर, आणि मोबाईलवर फक्त सूचना आली तरच उघडायचं. सोलरवाले कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात आणि अंगाची ऊब जाणवली की जागे होतात, आणि आपल्या उन्हाळ्यात जमिनीची आणि माणसाची ऊब सारखीच झाली की तो सेन्सर आंधळा होतो, दुपारी त्याच्या भरवशावर राहू नका. घर ते वावर सरळ नजरेत असेल, मध्ये झाडं नसतील, तर ५ गिगाहर्ट्झचे दोन अँटेना समोरासमोर लावून एकदोन किलोमीटर आरामात जाता येतं, मग वावरातला कॅमेराही घरच्याच एनव्हीआरवर. सिमपेक्षा मला हे जास्त आवडतं, फक्त पावसाळ्यानंतर तुरीपऱ्हाटीपेक्षा खांब उंच राहतो का ते पाहा, आणि खांबाला अर्थिंग.

चोरी झालीच तर. मोबाईलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकायची घाई करू नका. एनव्हीआरला पेनड्राईव्ह लावून मूळ फाईल काढा, आणि लगेच काढा, डिस्क फिरून पुसायच्या आधी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे फाईलवरून कॉम्प्युटरनं काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते, जेणेकरून फाईल बदलली नाही हे कळावं. ठाण्यातले लोक ते करून घेतात, पण मूळ फाईल आणि मूळ एनव्हीआर तुमच्याकडे पाहिजे. आणि घड्याळ. एनव्हीआरची वेळ वीस मिनिटं मागं असेल तर तुमचा चोर त्या वेळी दुसऱ्या गावात लग्नात होता हे त्याचा वकील सहज दाखवते. नेट असताना वेळ आपोआप जुळवायची सोय चालू करा, नेट नसेल तर महिन्यातून एकदा मोबाईलवर पाहून हातानं जुळवा.

फिटिंगवाल्याला शेवटचे पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर दोन कामं करा. राऊटरचा प्लग काढा, दहा मिनिटं आंगणात फिरा, मग एनव्हीआरला टीव्ही जोडून तेवढ्या वेळचं रेकॉर्डिंग मागं नेऊन पाहा, दिसलं पाहिजे. मग घरचा मेन स्विच पाडा आणि हेच पुन्हा करा, पण या वेळी अंधार पडल्यावर, एलईडी लागलेले असताना, कारण जास्त करंट तेव्हाच लागतो आणि वायरीतलं, अडाप्टरमधलं जे काही कच्चं आहे ते तेव्हाच उघडं पडते. तो म्हणेल भाऊ रात्री कशाला, सकाळी येऊन पाहतो. म्हणा, चहा ठेवतो, थांब.